उंच इमारतीवर काँक्रीट पंपाने माल चढवताना : लाइन टाकण्यापासून लाइन धुण्यापर्यंत

मुंबई, ठाणे, पुण्यात चाळीस मजल्यांचा टॉवर ही आता नवलाईची गोष्ट राहिलेली नाही. त्या टॉवरचा जवळपास सगळा माल तळाशी उभ्या असलेल्या पंपातून, पाच इंची पाइपातून वर जातो. लाइन जाम झाली की साइटवर पहिलं वाक्य ऐकू येतं, “पंपात दमच नाही.” माझं मत वेगळं आहे. दम बहुतेक वेळा पुरेसा असतो. पाइपाच्या आतून स्लरीचं, म्हणजे सिमेंट-पाण्याच्या लगद्याचं, जे पातळ अस्तर बसलेलं असतं, ते कुठेतरी फाटलेलं असतं. मिक्स, सांध्यांतलं रबर, प्रायमिंग (मालाआधी लाइनीला स्लरीचं अस्तर देणं), ट्रान्झिट मिक्सरच्या, म्हणजे माल आणणाऱ्या गाड्यांच्या, वेळा ही सगळी खटपट त्या अस्तरासाठीच आहे असं धरून चाललं, की कुठे काय बघायचं ते आपोआप कळत जातं.

पंपाची जबाबदारी पहिल्यांदाच अंगावर आलेल्या साइट इंजिनिअरसाठी आणि सुपरवायझरसाठी हा लेख आहे. स्टेशनरी पंप, १२५ मिमीची लाइन आणि टॉवरचा स्लॅब हे उदाहरण समोर ठेवलंय. गाडीवरच्या, लांब हाताने माल पोचवणाऱ्या बूम पंपाबद्दल मध्ये थोडक्यात लिहिलं आहे.

मशीनच्या पोटात

हॉपरच्या, म्हणजे माल ओतायच्या टाकीच्या, तळाशी दोन काँक्रीट सिलिंडर शेजारी शेजारी उघडतात. एकातला पिस्टन मागे सरकतो तेव्हा हॉपरमधला माल आत ओढला जातो. त्याच वेळी दुसऱ्यातला पिस्टन पुढे येऊन आधी ओढलेला माल लाइनीत लोटतो. पाळी बदलताना एस अक्षरासारखी वाकलेली जाड नळी, म्हणजे एस-व्हॉल्व्ह, एका तोंडावरून दुसऱ्या तोंडावर झटक्यात जाते. दर स्ट्रोकला ऐकू येणारा ‘धप्प’ आवाज तिचाच.

या नळीच्या तोंडाशी कटिंग रिंग असते आणि ती दोन भोकांच्या वेअर प्लेटवर घासत फिरते. दोघींमध्ये फट पडली की दाबाखालची स्लरी हॉपरमध्ये परत गळते आणि लाइनीत खडी जास्त, स्लरी कमी अशी स्थिती होते. म्हणजे अस्तर फाटायला सुरुवात पंपातच झाली. पंप बनवणाऱ्या कंपन्यांपैकी पुट्झमाइस्टरचा कारखाना गोव्यात वेर्ण्याला आहे, सानीचा चाकणला, श्विंग स्टेटरचा चेन्नईजवळ. सुटे भाग परदेशातून यायची वाट बघतोय ही सबब आता कुणी देऊ नये.

हायड्रॉलिक सिलिंडर आणि काँक्रीट सिलिंडर यांच्या मध्ये पाण्याची पेटी असते, वॉटर बॉक्स. तिचं झाकण उघडून पाणी बघणं ही दोन मिनिटांची तपासणी आहे, पण तिच्याइतकी बोलकी दुसरी नाही. पाणी स्वच्छ असेल तर ठीक. दुधाळ, राखाडी झालं असेल तर पिस्टनचं रबर झिजून सिमेंट मागे येतंय. पाण्यावर तेलाचा तवंग दिसला तर हायड्रॉलिकचं सील गेलंय. यांपैकी काहीही दिसलं तर मोठा स्लॅब सुरू करू नका.

आता गेज. पॅनलवरचा काटा तेलाचा दाब दाखवतो, काँक्रीटचा नव्हे, आणि इथे भले भले फसतात. समजा हायड्रॉलिक पिस्टन १२० मिमी व्यासाचा आहे आणि काँक्रीटचा २०० मिमीचा. दोघांच्या क्षेत्रफळांचं प्रमाण साधारण २.८ येतं. म्हणजे तेल ३०० बारला असताना काँक्रीटला मिळतात जेमतेम १०८ बार. तेलाची जोडणी दांड्याच्या बाजूने, म्हणजे रॉड-साइडला केली आणि दांडा ८० मिमीचा असला, तर त्याच ३०० बारला काँक्रीटवर फक्त ६० बार येतात. बदल्यात पंप तासाला १.८ पट माल देतो. पाया किंवा राफ्ट भरायचा असेल तर रॉड-साइड सोयीची, उंच चढवायचं असेल तर पिस्टन-साइड. आपलं मशीन सध्या कोणत्या जोडणीवर आहे हे ऑपरेटरला पहिल्याच दिवशी विचारा.

पाइपात माल कसा सरकतो

पाणी पाइपातून जाताना मध्ये वेगाने आणि कडेला हळू वाहतं. काँक्रीट तसं वाहत नाही. खडी, वाळू आणि सिमेंटचा मधला गठ्ठा अखंड दांड्यासारखा एकाच वेगाने सरकतो, आणि पाइपाची भिंत व तो गठ्ठा यांच्यामध्ये काही मिलिमीटर जाडीचा सिमेंट-पाणी-बारीक वाळूचा थर असतो. घसरण होते ती एवढ्या थरातच.

चकलीच्या सोऱ्यात पीठ कोरडं पडलं की दांडा कितीही दाबा, पीठ पुढे न जाता आतच घट्ट होत जातं. पंपाच्या लाइनीतही तेच होतं: दाबामुळे पाणी आणि स्लरी खडीच्या फटींतून पुढे निसटते, मागे कोरडी खडी उरते, खडीला खडी भिडते आणि गुळी तयार होते. त्यावर आणखी दाब देणं म्हणजे ती गुळी आणखी आवळणं.

मिक्स मंजूर करताना

टोकदार फुटीव खडीचा सर्वांत मोठा आकार पाइपाच्या आतल्या व्यासाच्या एक तृतीयांशाहून मोठा नको. १२५ मिमी लाइनीत २० मिमी खडी आरामात बसते. तरीही खडी कसली आहे ते बघाच. आपल्याकडची खडी काळ्या बेसॉल्टची. साध्या जॉ क्रशरची असेल तर चपट्या, लांबुळक्या तुकड्यांचं प्रमाण वाढतं आणि असे तुकडे बेंडमध्ये, म्हणजे पाइपाच्या वळणात, आडवे बसतात. पंपाच्या मालासाठी व्हीएसआय क्रशरवरची (दगड आदळून फोडणाऱ्या मशीनची) खडी आणि क्रश सँड, म्हणजे दगड फोडून केलेली वाळू, मागा.

बारीक भुकटी हवीच. सिमेंट, फ्लाय अॅश आणि पाव मिलिमीटरखालची वाळू मिळून घनमीटरला ४०० ते ४५० किलो असेल तर २० मिमी खडीचा माल सहसा चांगला पंप होतो. क्रश सँडमध्ये ७५ मायक्रॉनखालची भुकटी १५ टक्क्यांपर्यंत आयएस ३८३ हे भारतीय मानक चालवून घेतं. पंपाला ती मदतच करते, पण पाणीही ओढते. धुतलेली वाळू आणि न धुतलेली वाळू यांत एकाच मिक्सचा स्लम्प (शंकू उचलल्यावर माल किती खाली बसतो ते माप) बराच बदलतो, म्हणून वाळूचा सप्लायर बदलला की ट्रायल पुन्हा घ्या.

आयएस ४५६ मध्ये पंपाच्या मालासाठी ७५ ते १०० मिमी स्लम्प दिलेला आहे. टॉवरच्या कामात पंपापाशी १४० ते १८० मिमी ठेवतात, खूप उंचीवर तर स्लम्पऐवजी फ्लो, म्हणजे माल किती पसरतो ते, मोजतात. आकड्याइतकाच स्लम्पचा चेहरा बघा. शंकू उचलल्यावर माल सगळ्या बाजूंनी सारखा बसला आणि कडेला स्लरीची चकाकी खडीला धरून राहिली, तर तो पंप होईल. मध्ये खडीचा ढीग तसाच उभा आणि कडेने पाण्याची रेघ पळतेय, असं दिसलं तर आकडा १६० असला तरी तो मिक्सर परत पाठवा.

पाणी मारायचं नाही. स्लम्प पडला असेल तर क्वालिटीच्या माणसासमोर, ठरलेल्या मात्रेत अॅडमिक्स (माल प्रवाही करणारं रसायन) घालून ड्रम वेगाने फिरवा. पाण्याने माल पातळ दिसतो खरा, पण स्लरी खडीला धरून ठेवेनाशी होते आणि जाम व्हायची शक्यता वाढते. ताकद जाते ती वेगळीच.

लाइन टाकणं

इथे घाई झाली की पुढचे सहा महिने भोगावं लागतं, म्हणून या भागावर जरा रेंगाळतो.

आधी दाबाचा हिशेब. समजा १५० मीटर उंची, पंपापासून उभ्या लाइनीपर्यंत ४० मीटर आडवी लाइन, वर स्लॅबवर आणखी ३० मीटर, आणि ९० अंशांचे ८ बेंड. मोठ्या त्रिज्येचा एक बेंड ३ मीटर सरळ पाइपाइतका धरतात, म्हणजे २४ मीटर. एकूण लांबी झाली २४४ मीटर. मध्यम वेगाला, बऱ्या मिक्सला, मीटरमागे ०.१ बार घर्षण धरलं तर २४ बार. काँक्रीटच्या वजनाचा दाब मीटरमागे पाव बारच्या किंचित खाली, म्हणजे १५० मीटरला सुमारे ३६ बार. पंप, रिड्यूसर (पाइप अरुंद करणारा तुकडा) आणि थांबून पुन्हा सुरू करताना लागणारा जादा जोर यांसाठी २० बार. बेरीज ८०. अशा कामाला काँक्रीटवर किमान १०० ते ११० बार देणारा पंप घ्या. हा झाला कच्चा अंदाज. मशीन ठरवताना निर्मात्याच्या तक्त्यावरून स्लम्प आणि तासाचा माल धरून पक्का हिशेब करून घ्या. लाइन १०० मिमीची करायचा मोह झाला तर हे लक्षात ठेवा: तेवढाच माल पाठवायचा असेल तर घर्षण जवळजवळ दुप्पट होतं.

२००८ साली बुर्ज खलिफावर ६०६ मीटरपर्यंत माल चढवला गेला तेव्हाही गणिताची रीत हीच होती. आकडे मोठे होते, मिक्सवर केलेलं काम त्याहून मोठं.

पंपापासून थेट वर जाऊ नका. उभ्या लाइनीच्या किमान १५ टक्के, जागा असेल तर २० ते २५ टक्के लांबी आधी आडवी टाका. एस-व्हॉल्व्ह बाजू बदलतो त्या क्षणी वरचा सगळा स्तंभ मागे दाबत असतो. आडव्या लाइनीतलं घर्षण तो झटका पोटात घेतं. जागाच नसेल तर दोन-चार बेंड देऊन तेवढी लांबी भरून काढतात. पंपाजवळ एक शट-ऑफ व्हॉल्व्ह बसवा. पंप उघडायची वेळ आली तर वरचा माल खाली कोसळू नये यासाठी तो आहे. एका मीटरमध्ये १२.३ लिटर, म्हणजे साधारण ३० किलो माल असतो. १५० मीटरला साडेचार टनांच्या घरात जातो, आणि पाइपाचं वजन वेगळं.

उभ्या लाइनीच्या तळचा बेंड काँक्रीटच्या ब्लॉकमध्ये पक्का धरा. ८० बारला १२५ मिमी पाइपाच्या तोंडावर सुमारे १० टनांचा जोर येतो, तोही दर स्ट्रोकला हिसक्याने. चार वासे आणि बांधायची तार हा त्याचा आधार होऊ शकत नाही. प्रत्येक मजल्यावर ब्रॅकेट हवा. लाइन सेंट्रिंगला किंवा स्लॅबच्या सळईला कधीही बांधू नका. स्लॅबवर ती घोड्यांवर (स्टँडवर) किंवा टायरवर ठेवा.

जाड भिंतीचे नवे पाइप पंपाजवळ आणि उभ्या लाइनीच्या खालच्या भागात, पातळ आणि जुने वरच्या टोकाला. ही वाटणी उलटी झाली की पाइप फुटतो. भिंतीची जाडी अल्ट्रासॉनिक गेजने महिन्यातून एकदा तरी मोजा. बेंडची बाहेरची बाजू आधी झिजते, आडव्या पाइपाची खालची. म्हणून आडवे पाइप ठरावीक काळाने फिरवून लावतात.

शेवटी क्लॅम्प आणि रबर. प्रत्येक सांध्यात रबर असलंच पाहिजे, ओलं करून बसवलेलं, आणि क्लॅम्पची पिन लावलेली. लाइन चालू असताना सांध्याभोवती राखाडी ओघळ दिसला, तर तिथून नुसती स्लरी निसटतेय आणि खडी आत राहतेय. पुढच्या बेंडमध्ये जाम ठरलेला. “थोडंसं तर गळतंय” हे वाक्य लाइनीपाशी चालवून घेऊ नये.

बूम पंप असेल तर

लाइन टाकायची कटकट वाचते, पण जमिनीची काळजी वाढते. चारही जॅक पूर्ण बाहेर, खाली लाकडी स्लीपर किंवा स्टीलच्या प्लेट, आणि खोदलेल्या खड्ड्याच्या काठापासून निदान खड्ड्याच्या खोलीइतकं अंतर. पावसाळ्यात भरावाच्या मुरमावर जॅक टेकवून बूम पूर्ण लांब करणं म्हणजे अपघाताला बोलावणं. विजेच्या तारा डोक्यावर असतील तर जागा बदला. बूमच्या टोकाला निर्मात्याने दिलेल्या लांबीहून मोठं होज (रबरी नळी) जोडू नका आणि बूमने वजन उचलू नका.

गाड्यांचं गणित

पंपाच्या पाटीवर तासाला ७० घनमीटर लिहिलेलं असलं तरी टॉवरच्या स्लॅबवर पसरणाऱ्यांचा आणि व्हायब्रेटरवाल्यांचा वेग ३० च्या आसपास असतो. २०० मिमी व्यासाच्या, १४०० मिमी स्ट्रोकच्या सिलिंडरमध्ये ४४ लिटर बसतात. सिलिंडर पूर्ण भरत नाही हे धरलं तर ३० घनमीटरसाठी मिनिटाला १४ स्ट्रोक लागतात. घड्याळ लावून मोजा, दिवसाचा खरा वेग तिथेच कळतो.

सहा घनमीटरची गाडी असेल तर दर १२ मिनिटांना एक रिकामी झाली पाहिजे. प्लांटवर भरणं, येणं, थांबणं, ओतणं, धुणं, परत जाणं मिळून ९० मिनिटं लागत असतील तर ९० भागिले १२, म्हणजे साडेसात. ८ गाड्या हव्यात, आणि एक हाताशी. शहरात अवजड वाहनांना सकाळ-संध्याकाळ बंदीचे तास असतात. स्लॅब त्या तासांत मध्यावर येईल अशी सुरुवात करू नका. आयएस ४९२६ प्रमाणे भरल्यापासून दोन तासांत गाडी रिकामी व्हावी. रिटार्डर (माल घट्ट व्हायला उशीर लावणारं रसायन) वापरून मुदत वाढवली असेल तर ते मिक्स डिझाइनमध्ये लिहिलेलं असावं. चालानवरची वेळ बघूनच गाडी हॉपरला लावा.

प्रायमिंग

कोरड्या लाइनीत थेट माल सोडला तर पहिल्या काही मीटरांतच पाइपाची भिंत त्याची स्लरी पिऊन टाकते. म्हणून अस्तर आधी स्वतः घालायचं.

१. लाइन आतून स्वच्छ आहे ना, ते बघा. रात्रीचा कडक झालेला तुकडा एखाद्या बेंडमध्ये असेल तर सगळं फुकट.

२. पाणी सोडून लाइन ओली करा. मार्चनंतर उन्हात तापलेल्या लाइनीवर ओली गोणपाटं टाका.

३. सिमेंटची दाट स्लरी किंवा एकास दोन सिमेंट-वाळूचा मॉर्टर हॉपरमध्ये घ्या. १०० मीटर लाइनीला साधारण अर्धा घनमीटर पुरतो. लाइनीत साचलेलं पाणी आणि मॉर्टर मिसळू नये म्हणून मध्ये स्पंजचा गोळा घालतात.

४. मॉर्टर एजिटेटरच्या, म्हणजे हॉपरमधला माल ढवळणाऱ्या, दांड्यापर्यंत उतरला की लगेच माल ओता. मध्ये हवा जाता कामा नये.

५. वरच्या टोकाला आलेला मॉर्टर पिंपात किंवा बादल्यांत धरून बाजूला काढा. कॉलमच्या बुडाशी किंवा बीममध्ये तो गेला तर त्या जागी खडीच नसते. स्लॅबभर पातळ पसरून टाकू, ही पळवाटही नको.

पहिला माल येईपर्यंत होजसमोर कुणी उभं राहायचं नाही. अडकलेली हवा सुटते तेव्हा होज चाबकासारखा फिरतो.

पंप चालू असताना

हॉपरमधला माल एजिटेटरच्या दांड्याच्या वर राहिला पाहिजे. जाळी कधीही काढायची नाही. ती नको असलेले दगड अडवते आणि माणसाचा हातही. पंपाजवळचा आणि स्लॅबवरचा माणूस वॉकी-टॉकीवर सतत जोडलेले असावेत, आणि ‘बंद’ हा शब्द कुणीही म्हटला तरी पंप थांबला पाहिजे. स्लम्प पंपापाशी आणि होजपाशी, दोन्हीकडे घ्या. दोघांतला फरक दुपारी वाढत गेला तर रिटार्डरची मात्रा प्लांटला कळवा.

गाडी उशिरा आली तर हॉपर रिकामा करू नका. अर्धा भरलेला ठेवा आणि दर पाच-दहा मिनिटांनी दोन स्ट्रोक मागे, दोन पुढे घ्या. थांबा अर्ध्या-पाऊण तासावर जाणार अशी खात्री झाली, विशेषतः उन्हाळ्यात, तर लाइन धुऊन घ्यायचा निर्णय लवकर घ्या. हा निर्णय कुणालाच आवडत नाही, कारण २२० मीटर लाइनीत सुमारे २.७ घनमीटर माल असतो. पण कडक झालेली लाइन क्लॅम्प क्लॅम्प सोडून फोडायला एक अख्खी रात्र जाते.

जाम झाल्यावर

गेजचा काटा नेहमीपेक्षा वर जाऊ लागतो, स्ट्रोक जड होतात, होजमधून येणारा माल तुटक होतो. त्या क्षणी पंप थांबवा. जोर वाढवू नका. दोन-तीन स्ट्रोक रिव्हर्स मारा, हॉपरमध्ये आलेला माल एजिटेटरने नीट घोळवा आणि मग हळूहळू पुढे पाठवा. हे दोनदा-तीनदा करून सुटलं नाही तर जागा शोधायला लागा.

शोधायची जुनी रीत अजून तितकीच चांगली आहे. ऑपरेटर हळू पुढे-मागे करत असताना पंपाकडून लाइनीवर हात ठेवत चला. गुळीच्या अलीकडे पाइप हिसके देतो, पलीकडे निपचित पडलेला असतो. मग त्या टप्प्यात हातोडीने हलके ठोकत जा; मोकळा भाग वाजतो, गुळीवर आवाज बद्द येतो. संशय घ्यायच्या पहिल्या जागा म्हणजे रिड्यूसर, बेंड आणि गळका सांधा.

क्लॅम्प सोडण्याआधी रिव्हर्स मारून दाब उतरवा, शट-ऑफ व्हॉल्व्ह बंद करा, इंजिन बंद करा, किल्ली खिशात ठेवा. क्लॅम्प सोडणाऱ्याने सांध्याच्या बाजूला उभं राहायचं, वर वाकायचं नाही, आणि डोळ्यांवर गॉगल हवाच. पंपाच्या कामातले वाईट अपघात दाबाखालची लाइन उघडताना होतात. गुळी काढल्यावर त्या भागातला सगळा कोरडा माल बाहेर टाका, रबर बदला, आणि पुन्हा सुरू करताना पहिल्यासारखी थोडी स्लरी द्या.

धुलाई

शेवटची गाडी किती घनमीटरची मागवायची, ते लाइनीतला माल धरून ठरवा. स्लॅब पूर्ण झाला की लाइनीत स्पंजचा गोळा घालून मागून पाण्याने ढकला, किंवा उंच लाइन असेल तर माल खाली उतरवून घ्या. हवेने धुवायचं असेल तर अनुभवी माणूसच हवा: दाबलेली हवा दबा धरून बसते, गोळा टोकातून तोफगोळ्याच्या जोराने निघतो. टोकाचा रबरी होज आधी काढा, गोळा धरणारी जाळी लावा आणि समोरची जागा मोकळी करा. मी स्वतः शक्यतो पाणीच सुचवतो.

हॉपर, एस-व्हॉल्व्ह आणि वॉटर बॉक्स धुतल्यावर एजिटेटरच्या आणि एस-व्हॉल्व्हच्या बेअरिंगला ग्रीस द्या. जुनं राखाडी ग्रीस बाहेर येऊन स्वच्छ दिसेपर्यंत. धुण्याचं पाणी नाल्यात सोडू नका. ते सिमेंटमुळे प्रचंड अल्कलीयुक्त असतं. साठवणीच्या खड्ड्यात गाळ बसू द्या. जिथे हात लागला ते कातडं लगेच साध्या पाण्याने धुवा, आणि स्लॅबवर काम केलेल्यांचे गमबूट आतून ओले नाहीत ना, तेही विचारा. ओल्या काँक्रीटने भाजलेले पाय संध्याकाळपर्यंत दुखत नाहीत, म्हणून कुणी सांगत नाही.